रिकाम्या पोटी झोप

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे. शेतातले ते मोठे धूड डोळ्यांसमोर आणू नका. मी अंगणातला ट्रॅक्टर. बसायला एकच जागा, पोटाखाली गवत कापायची पाती आणि मागे जोडायला एक लहानसा नांगर. माझा रंग हिरवा होता, हे आता मलाच सांगावे लागते. टायर जळून गेले, बैठकीच्या नुसत्या स्प्रिंगा उरल्या आणि टाकीला हे एवढे भोक पडले आहे. सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला की त्या भोकातून शीळ निघते. माझी हकीकत ऐकून तुम्हाला भीती वाटली तर वाटू द्या. थोडी भीती वाटायलाच हवी.

माझा जन्म विस्कॉन्सिनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी उत्तरेला आलो, तांब्याच्या खाणींच्या मुलखात, आणि रेनो केंपाइनेनच्या घरचा झालो. रेनो खाणकामगार. त्याचे आजोबा फिनलंडहून आले तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी बरोबर आणल्या असाव्यात, हट्ट आणि सौना. सौना म्हणजे वाफेचे न्हाणीघर. या मुलखात आधी सौना बांधतात, घर मग सवडीने. आतल्या खोलीत लाकडांची भट्टी आणि तिच्यावर तापलेले धोंडे. बाहेरच्या खोलीत कपडे काढायला एक बाक आणि भिंतीला खिळे. रेनोची मुलगी इर्मा त्याच सौनात जन्मली. रेनोच्या आईला शेवटची आंघोळ तिथेच घातली गेली. "जे जे जिवाचं, ते सौनात असतं," असे रेनोची बायको लेंपी म्हणायची. तिचे हे बोलणे ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळे त्यावरच येणार आहे.

माझे कामाचे दिवस सुखाचे होते. मी बटाट्याच्या सऱ्या पाडल्या, उन्हाळाभर गवत कापले. चर्चमागच्या दफनभूमीतले गवतही मीच कापायचो. दगडांच्या अगदी कडेने, एकाही फुलाला धक्का न लावता रेनो मला फिरवायचा. पास्टरबाई एकदा म्हणाल्या, "रेनो, मेल्यावर इथं यायला आता कुणाची हरकत नसेल बघ." त्यावर रेनो म्हणाला, "माझी आहे. मी आलो तर गवत कोण कापणार?"

बटाटे निघाले आणि भूर्जाच्या झाडांची पाने पिवळी पडली की माझ्या झोपेची वेळ यायची. इथला बर्फ खिडक्या बुजवतो, आणि बर्फ हे माझे काम नव्हे. रेनो मला उघड्यावर, घरापासून लांब न्यायचा. टाकीत नळी घालून सगळे पेट्रोल लाल डब्यात काढायचा आणि आपल्या गाडीत ओतून टाकायचा. मग मला चालू करून कडेला उभा राहायचा. नळीतला, कार्बोरेटरमधला उरलासुरला थेंब संपेपर्यंत मी धडधडायचो, खोकायचो आणि शेवटी गप्प व्हायचो. बॅटरी काढून तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवायचा. मग मला भूर्जांपलीकडच्या थंड शेडमध्ये ढकलून माझ्या पाठीवर थाप मारायचा.

"रिकाम्या पोटी झोप," तो म्हणायचा. "म्हणजे वाईट स्वप्नं पडत नाहीत."

शेजारचा सुलो हे पाहून हसायचा. तो रेनोचा खाणीतला जोडीदार. त्याच्याकडेही माझ्यासारखा एक ट्रॅक्टर होता आणि त्याची रीत बरोबर उलटी होती. तो टाकी गळ्यापर्यंत भरायचा, वर पेट्रोल टिकवायच्या औषधाचे एक झाकण ओतायचा आणि कोठारात लावून मोकळा व्हायचा.

"अरे लेका, टाकीत हवा राहिली की दमट होते आणि गंज धरतो," सुलो म्हणायचा. "भरल्या पोटी झोपव. तुझी गाडी आहे का उपासाची म्हातारी?"

"तुझी आहे का बाळंतीण?" रेनो विचारायचा. "सारखी खाऊ घालतोयस ती!"

हे भांडण दर वर्षी कॉफीच्या किटलीभोवती चालायचे आणि वेलदोड्याच्या पावाबरोबर संपायचे. मित्रांनो, खरे सांगायचे तर दोघेही बरोबर होते. थंड, लांबच्या कोठारात भरलेली टाकीसुद्धा सुखाने झोपते. पण पेट्रोल उबेत फुगते. ते फुगले की त्याला जागा लागते, आणि गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीत जागाच नसते. सुलोचे कोठार कधी तापले नाही, म्हणून हे त्याला कधी कळायचे कारण पडले नाही.

एका ऑगस्टमध्ये रेनो ब्लूबेरी वेचायला रानात गेला आणि परत आला नाही. हृदय बंद पडले म्हणे. त्याच्या दफनाच्या दिवशी सकाळी सुलोनेच मला चालवत नेऊन दफनभूमीतले गवत कापले. मला यंत्राला रडता येत नाही. त्या दिवशी ते फार जड गेले.

लेंपीने त्याचा कामाचा कोट धुतला. वर्षानुवर्षे त्या कोटाला पेट्रोलचा आणि धुराचा वास यायचा. तिने दोनदा साबण लावला, उन्हात वाळवला आणि सौनातल्या बाहेरच्या खोलीत त्याच्या नेहमीच्या खिळ्याला परत अडकवला. त्यानंतर तिने सौना तापवलाच नाही. शनिवारी ती सुलोच्या घरी न्हायला जायची.

ऑक्टोबरात वादळ झाले आणि भूर्जांपलीकडच्या माझ्या शेडचे छप्पर एका बाजूने बसले. लेंपीने सुलोला बोलावले.

"याला सौनात ठेव," ती म्हणाली. "बाहेरच्या खोलीत."

"सौनात? अगं, ट्रॅक्टर आहे तो, पाव्हणा नाही!"

"रेनोचा आहे. गळक्या छपराखाली सडू देणार नाही मी."

सुलोने डोके खाजवले. "तापवणार नाहीस ना पण सौना?"

"एकटीसाठी कशाला तापवू?"

मग सुलोचा नाइलाज झाला. मला आत घ्यायला त्याने दाराची चौकट काढली, फळ्यांवरून मला वर ढकलले आणि चौकट परत ठोकून बसवली. लेंपी कॉफी ठेवायला घरात गेली तेव्हा तो लाल डबा घेऊन आला. "रेनोनं तुला आयुष्यभर उपाशी झोपवलं," तो मला हळूच म्हणाला. "यंदा पोटभर झोप." त्याचे डोळे ओले होते. त्याने माझी टाकी गळ्यापर्यंत भरली. तो घरात आला तसे लेंपीने विचारले, "नीट ठेवलास ना?" तो म्हणाला, "अगदी माझ्या गाडीसारखा." लेंपीला वाटले, दर वर्षीसारखा रिकामाच ठेवला असेल.

मित्रांनो, यात कुणाची चूक होती? एकाने प्रेमाने भरले, एकीने प्रेमाने आत घेतले. मी मात्र त्या खिळ्यावरच्या कोटाशेजारी उभा होतो, माझ्या पोटात काय आहे ते जाणत होतो, आणि भिंतीपलीकडे भट्टी थंड असेपर्यंतच सगळे ठीक आहे हेही जाणत होतो. नोव्हेंबर गेला. बर्फ खिडकीच्या वर चढला. मी तेवढी एकच गोष्ट मागत होतो: कुणी काडी ओढू नये.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी दार उघडले. लेंपीच्या हातात लाकडांचा भारा होता. मागे इर्मा होती, डेट्रॉइटहून सुट्टीसाठी आलेली.

"आई, दोघींसाठी एवढा खटाटोप कशाला?"

"दोघींसाठी नाही गं," लेंपी म्हणाली. "नाताळचा सौना आहे. आपलं झालं की शेवटची ऊब गेलेल्यांसाठी सोडायची असते. यंदा तुझे बाबा येतील."

सुलो मुलाकडे डुलूथला गेला होता. तो असता तर धावत आला असता. भिंतीपलीकडे लाकडांच्या सालीने पेट घेतल्याचा आवाज मी ऐकला. भट्टीला हवा लागते, आणि ती हवा ती आमच्या खोलीतून, मधल्या दाराच्या फटीतून ओढून घेते. जमिनीलगतची हवा आधी. पेट्रोलची वाफही जमिनीलगतच सरपटते.

इतक्या थंडीत गोठलेले माझे लोखंड काही लगेच तापत नाही, म्हणून दोघींची आंघोळ निभावली. धोंड्यांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज येत होता, इर्मा हसत होती, आणि मी माझ्या टाकीतली पातळी कणाकणाने चढताना अनुभवत होतो. दोघी बाहेर येऊन कपडे घालू लागल्या तेव्हा झाकणाच्या बारीक छिद्राशी पहिला ओलावा आला होता. इर्माने टॉवेल डोक्याला गुंडाळता गुंडाळता नाक वर केले.

"आई... बाबांचा वास येतोय गं."

लेंपी थबकली. तिने खोल श्वास घेतला आणि खिळ्यावरच्या कोटाकडे पाहिले.

"आला बघ," ती म्हणाली. "म्हटलं नव्हतं?"

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नसते. वास हीच आमची हाक. मी जिवाच्या आकांताने हाक मारत होतो, आणि त्या दोघींना ती रेनोची वाटली!

लेंपी पुन्हा आत गेली. तिने भूर्जाची दोन जाड लाकडे भट्टीत घातली आणि मधले दार किलकिले ठेवले, रेनोला जाता-येता सोपे व्हावे म्हणून. मग दोघी घरी गेल्या. आता खोली अशी तापली की तशी ती कधी तापली नसेल. पहिला थेंब झाकणावरून ओघळला, माझ्या हिरव्या रंगावरून खाली गेला आणि फळीवर पडला. मग दुसरा, मग एक धार. वास मधल्या दाराकडे निघाला. मी पाहत राहिलो.

घरात त्या तांदळाची खीर खात होत्या. नाताळच्या खिरीत एकच बदाम घालतात. ज्याच्या वाटीत येईल त्याचे वर्ष भाग्याचे. तो लेंपीच्या वाटीत आला, हे मला नंतर इर्माच्या बोलण्यातून कळले. लेंपीने तो बदाम रुमालात घेतला. "तुझ्या बाबांना देऊन येते," ती म्हणाली. "जरा बसतेही त्यांच्याजवळ." तिने मेणबत्तीचा कंदील पेटवला आणि बर्फातून आली.

दाराशी सरोवरावरच्या वाऱ्याने कंदील विझवला. त्या वाऱ्याचे उपकार मी विसरणार नाही.

ती आत आली. तिने बदाम बाकावर ठेवला. कंदील मांडीवर घेऊन काड्यांची पेटी काढली. "अंधारात नको बसायला, रेनो," असे म्हणून तिने काडी हातात धरली. आणि मग, काडी ओढण्याआधी, काय मनात आले कोण जाणे, तिने हात लांबवून कोट ओढला आणि त्यात तोंड खुपसले.

ती तशीच राहिली. मग तिने कोट बाजूला केला, पुन्हा नाकाशी नेला.

"साबण," ती पुटपुटली. "मी धुतलाय हा. मग वास कसला?"

तेवढ्यात माझी धार फळीवर टपटपली. तिने खाली पाहिले. तिच्या जोड्यांशी ओले चमकत होते, आणि मधल्या दाराच्या फटीतून भट्टीचा लाल उजेड त्या ओल्यावर पडला होता.

लेंपी पेटी खिशात घालून उठली. एका क्षणासाठी तिने माझे चाक धरले आणि दाराकडे ओढून पाहिले. पण चौकट ठोकलेली होती. मी तिला सांगत होतो, सोड, बाई, सोड मला! रेनो असता तर त्यानेही हेच ओरडून सांगितले असते. तिचा हात सुटला.

"माफ कर रे," ती म्हणाली. कुणाला, ते मला कळले नाही. ती धावली. त्या वयात, त्या बर्फात ती कशी धावली असेल! "इर्मा, बाहेर येऊ नकोस!" हा तिचा आवाज मी ऐकला, आणि मग भट्टीने माझी ती वाफ श्वासासारखी आत ओढली.

त्यापुढचे मी सांगणार नाही. एक धप्प आवाज झाला, एवढेच पुरे. ज्या सौनात इर्मा जन्मली, रेनोची आई शेवटची न्हायली, तो त्या संध्याकाळी राख झाला. लेंपीच्या शालीची झालर जळली होती. तिच्या केसालाही धक्का लागला नाही.

सुलो डुलूथहून परतला आणि माझ्या सांगाड्यासमोर टोपी काढून उभा राहिला. "टाकी मी भरली होती गं," तो म्हणाला. लेंपीने त्याला बराच वेळ रडू दिले. मग म्हणाली, "आणि भट्टी मी तापवली होती. चल, कॉफी घे." वसंतात त्याने नवा सौना बांधायला घेतला. त्यात बाहेरच्या खोलीला दार इतके अरुंद केले की ढकलगाडीसुद्धा आत जाणार नाही.

मित्रांनो, आपल्या जिवाच्या वस्तू जरूर जपा. पण त्या कशा झोपतात, कशाने जागतात, हे आधी नीट विचारून घ्या. ज्याच्या पोटात आग आहे त्याला उबेची माया दाखवू नका. आणि पेट्रोलचा वास आला तर तो कुणाचा आहे असे मनाला विचारत बसू नका. दिवा लावू नका, काडी ओढू नका, बाहेर पळा.

आता मी भूर्जांखाली उभा असतो. दर वर्षी पाने पिवळी पडली की सुलो आपला ट्रॅक्टर इथे घेऊन येतो. लेंपी स्वतः नळी धरते, शेवटचा थेंब लाल डब्यात पडेपर्यंत वाट पाहते, ट्रॅक्टरला खोकून गप्प होऊ देते. डबा सुलो धरतो. मग जाताना ती माझ्यापाशी थांबते. माझ्या टाकीत कित्येक वर्षांत पानांखेरीज काही पडलेले नाही. तरी ती त्या भोकात हात घालून ती पाने बाहेर काढते आणि पाठीवर थाप मारून म्हणते, "रिकाम्या पोटी झोप."