मंद दिव्याखालची पानं

लेकीला मुलगा झाला आणि बाई रजा टाकून तिच्याकडे गेल्या, तेव्हा त्यांची सूर्यफुलं नवऱ्याच्या गळ्यात पडली. दोघं एकाच संशोधन संस्थेत होते. बाई झाडांवर काम करायच्या, नवरा तिथली यंत्रं सांभाळायचा. सगळे त्यांना झाडवाल्या बाई आणि यंत्रवाले म्हणायचे.

बाईंचा प्रश्न साधा होता. पान उजेडात साखर बनवतं, पण श्वास अंधारातही घेतं आणि त्यातून कार्बन बाहेर टाकतं. हा कार्बन येतो कुठून? आज बनवलेल्या साखरेतून, की जुन्या साठ्यातून? बाईंचं मत ठाम होतं. "पान साठवणीच्या डब्याला हात लावत नाही हो," त्या म्हणायच्या, "ताजं करतं आणि तेच खातं."

रोपं दिव्यांच्या दोन खोल्यांत वाढत होती. नेमके बाई गेल्यावर एका खोलीतले बरेचसे दिवे गेले. नवे यायला वेळ लागणार होता. यंत्रवाल्यांनी फोन लावला.

"त्या खोलीतली रोपं टाकून द्या," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "मंद उजेडातल्या रोपांचं मी काय करू? आणि हळू बोला, आत्ता कुठे बाळाचा डोळा लागलाय."

यंत्रवाले बरं म्हणाले. खोलीत गेले, एक कुंडी उचलली आणि परत खाली ठेवली. रोपं लांबुडकी, फिकट झाली होती, पण जिवंत होती. मग ते गुपचूप रोज पाणी घालत राहिले आणि फोनवर पुन्हा विषयच काढला नाही.

बाई परत आल्या त्या बाळाचे फोटो दाखवतच. दिव्यांच्या खोलीत शिरल्या आणि फोटो राहिले बाजूला.

"अहो, ही काय भुतं पाळलीत इथे?"

"टाकायला जिवावर आलं गं."

"एरवी पंप बिघडला की सरळ भंगारात टाकता तुम्ही!"

"पंप उजेडाकडे माना वळवून उभे राहत नाहीत."

बाईंना हसू आवरेना. "बरं, आता आहेतच तर यांचंही मोजू या."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही खोल्यांत नेहमीपेक्षा जरा जड अशा कार्बनचा वायू सोडला. पानाला हा फरक फारसा जाणवत नाही, वायू मोजणाऱ्या यंत्राला मात्र बरोबर कळतो. म्हणजे त्या सकाळी बनलेल्या साखरेवर जणू खूणच पडली. दुपारी त्यांनी पानं काळ्या कापडाखालच्या डबीत बंद केली आणि पानांनी सोडलेली हवा यंत्राला दिली.

लख्ख खोलीतल्या पानांच्या श्वासात जड कार्बन भरपूर निघाला.

"बघा! म्हटलं नव्हतं मी?" बाई खूश झाल्या.

मग फिकट पानांची पाळी आली. त्यांच्या श्वासात जड कार्बन जेमतेमच होता.

"तुमचं यंत्र बिघडलंय," बाई म्हणाल्या.

"माझं यंत्र?" यंत्रवाल्यांना ते चांगलंच झोंबलं. त्यांनी माहीत असलेला वायू भरून यंत्र तपासलं. यंत्र चोख होतं. दुसरी पानं घेतली, तरी तेच.

बाई स्टूल ओढून आकड्यांसमोर बसल्या.

"म्हणजे ही जुन्यावरच जगतायत," त्या सावकाश म्हणाल्या. "उजेड भरपूर असेल तर आजचं खर्चायचं, कमी पडला की साठ्यातलं काढायचं. मी इतकी वर्षं फक्त सुखातली पानं बघत आले हो!"

नवऱ्याला वाटलं, आता हिचा चेहरा उतरणार. पण बाई उठल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीत एक जोरदार थाप मारली. "टाकली असती तर काय झालं असतं?"

"तूच सांगितलं होतंस टाकायला."

"तेच म्हणतेय मी!"

एवढ्यावर भागणार नव्हतं. त्यांनी नवी रोपं लावली, या वेळी मुद्दाम दिवे कमी केले, आणि तोच निकाल परत आला. बाईंनी शोधनिबंध लिहिला आणि आपल्या नावाशेजारी नवऱ्याचं नाव घातलं. यंत्रवाले उगीच नको नको म्हणाले आणि तो छापून आल्यावर सगळ्यांना दाखवत फिरले.

पुढचा प्रश्न तहानेचा होता. पाणी तोडलं तर पान काय करतं? या खेपेला रोपं तयार होताच बाईंनी त्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"विश्वास नाही का माझ्यावर?" यंत्रवाल्यांनी विचारलं.

"यंत्रांच्या बाबतीत डोळे मिटून आहे," बाई म्हणाल्या. "चला, चहा घेऊ."

आणि दोघं हसत जिना उतरले.