सुरीची जखम

आमच्या बोलोन्या शहरात सुरी मारणाऱ्याचा जीव जखमी माणसाच्या हातात असतो. जखमी जगला तर दंडावर भागतं, मेला तर फास. म्हणूनच पत्त्यांच्या भांडणात माझ्या नवऱ्याच्या मांडीत सुरी खुपसणाऱ्या एर्कोलेची आई, जिनेव्रा, रोज आमच्याकडे यायची. कोंबडीचं सूप आणायची, पट्ट्या धुवायची, जखमेला गुलाबाचं तेल लावायची. तिला पाहून माझं डोकं फिरायचं, पण तिच्यावाचून माझं पानही हलत नव्हतं.

अनिबाले, माझा नवरा, मुलखाचा खवचट.

"फुंक, मावशी, नीट फुंक. माझी जीभ भाजली तर तुझा पोरगा लटकेल."

"गिळ मेल्या! शंभर वर्षं जग, मग खुशाल मर."

मग पाय काळा पडला. वास जिन्यापर्यंत येऊ लागला. शस्त्रवैद्य तिबेरियोने पट्टी सोडली आणि नाकाला फडकं लावलं.

"कापावा लागेल. आजच."

"आणि कापताना मेलो तर?"

तिबेरियोने पेटीतून करवत काढली. अनिबालेने जिनेव्राकडे पाहिलं. थट्टा करायचं त्याला सुचलं नाही.

"पाय तू धर, मावशी. माझ्या बायकोला जमायचं नाही."

तिने धरला. रक्त थांबवायला शेगडीत ठेवलेलं डागणीचं लोखंड अजून काळंच होतं, तापलं नव्हतं. पण तिबेरियोला पुढे कुणा सरदाराकडे जायचं होतं. त्याने करवत चालवली. पाय सुटला, रक्ताची धार लागली, आणि लोखंड टेकवलं तर चर्र आवाजसुद्धा झाला नाही. अनिबालेने मला एकदा हाक मारली. मग तो गेला.

संध्याकाळच्या आत कोर्टाचा कारकून आला.

"सुरीच्या जखमेने गेला," तिबेरियो हात पुसत म्हणाला.

"खोटं!" मी किंचाळले. "लोखंड गार होतं! याने घाई केली, याने मारला माझा माणूस!"

कारकून माणूस वाईट नव्हता. त्याने मला बसवलं, पाणी दिलं.

"बाई, करवतीचं राहू द्या. पाय सडला कशाने?"

"सुरीने."

"कुणाच्या?"

मी मागे वळून पाहिलं. जिनेव्रा कोपऱ्यात बसली होती. तो पाय तिच्या मांडीवर तसाच होता, कुणी काढून घेतलाच नव्हता.

"सांग गं," ती म्हणाली. "सगळ्या गल्लीने पाहिलंय."

मी तिच्या पोराचं नाव सांगितलं.