चौदा तास

एप्रिलच्या शेवटी, बुधवारी दुपारी, सगळ्यांना व्यायामशाळेत बोलावलं आणि अध्यक्षांनी कागदावरून वाचून दाखवलं: एकतीस मेला कॉलेज कायमचं बंद. मुलं कमी झाली, सरकारी मदतीचे अर्ज रखडले, बँकेने हात वर केले. एकशे सात वर्षांचं कॉलेज अकरा मिनिटांत आटोपलं.

रेनाटा सोबचाक मागच्या बाकावर बसली होती. वय एकोणतीस. ओहायो नदीकाठच्या त्या गावात काचकारखाना चालत होता तेव्हा तिचे वडील भट्टीवर होते. आता छातीत धूळ आणि नाकात ऑक्सिजनची नळी. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उचलत, पुसत रेनाटाने सहा वर्षं रडतखडत नर्सिंग शिकण्यात काढली होती. एकच सत्र उरलं होतं.

नव्वद मैलांवरच्या कॉलेजात तिने फोन केला. "तुमचे निम्मे विषय आम्ही धरत नाही. दोन वर्षं पुन्हा करावी लागतील," तिकडची बाई म्हणाली. सरकारी मदत मिळते ती उभ्या आयुष्यात बारा सत्रं. रेनाटाची अकरा संपली होती.

नर्सिंगच्या ओडेल मॅडमनी आपल्या अकराजणींना वर्गात घेऊन दार लावलं.

"रडून झालं असेल तर ऐका. शेवटचं सत्र आत्ताच उरकायचं. इस्पितळाने होकार दिलाय. वॉर्डात एकशे ऐंशी तास, एकतीस तारखेच्या आत. परवाना मंडळ त्यापुढचं एक मिनिटही धरणार नाही."

"मग झोपायचं कधी, मॅडम?" शेजारी बसलेल्या मारिसोलने विचारलं.

"जूनमध्ये."

रेनाटाने वृद्धाश्रमाच्या निम्म्या पाळ्या सोडल्या. सकाळी वॉर्ड, दुपारी वर्ग, पुन्हा वॉर्ड. "घरात भूत शिरलंय वाटतं," वडील म्हणायचे. "भांडी खरकटी होतात, माणूस दिसत नाही."

एकोणतीस तारखेला ती वॉर्डात असताना शेजारणीचा फोन आला. वडील स्वयंपाकघरात कोसळले होते.

त्यांना त्याच इस्पितळात आणलं. रेनाटा दोन दिवस त्यांच्या उशाशी बसून राहिली. वरच्या मजल्यावर मैत्रिणी तास पुरे करत होत्या.

"वर जा," ऑक्सिजनच्या मास्कआडून वडील म्हणाले.

"गप्प बस बाबा."

पण तिचं मनगट त्यांनीही सोडलं नाही.

एकतीसला दुपारी चार वाजता ती मॅडमच्या खोलीत उभी राहिली.

"किती झाले?"

"एकशे सहासष्ट."

मॅडमनी मंडळाला तीनदा फोन करून दोन दिवस मागून पाहिले होते. माणसं गोड बोलली, नियम जागचा हलला नाही.

"मॅडम, मी याच इस्पितळात होते. रुग्णाच्याच उशाशी. चौदा तास लिहून टाका ना. कुणाला कळणारेय?"

ओडेल मॅडमनी तासांची वही उघडली. पेन हातात घेतलं. बराच वेळ टोक कागदावर टेकवून ठेवलं.

"उद्या हे उघडकीला आलं तर बाकीच्या दहाजणींचंही रद्द होईल, रेनाटा."

रेनाटाने त्यांचा हात धरला. "सहा वर्षं, मॅडम. चौदा तासांसाठी? मी कुठे जाऊ, सांगा!"

"नाही गं पोरी." मॅडमनी हात सोडवून घेतला. त्यांनी वही मिटली.

रेनाटा बाहेर पडली ती जिन्यातच बसली.

वडील वाचले. जुलैत दहाजणींनी परवान्याची परीक्षा दिली, नऊ पास झाल्या. सप्टेंबरात वृद्धाश्रमात नवी नर्स आली. मारिसोल.

पहिल्या दिवशी ती दारात घुटमळली. "रेनाटा, सहा नंबरच्या आजींचं बीपी... घेशील?"

"घेते, मॅडम."

"मॅडम काय गं? असं नको ना म्हणूस."

"मग काय म्हणू?" रेनाटा म्हणाली, आणि यंत्र उचलून सहा नंबरकडे निघाली.