मेणाचा थेंब

कोळ्यांची तोंडं बंद करणं हे धाकट्याचं काम होतं. गवताळ रानाचा अभ्यास करणाऱ्या त्या केंद्रात तो नवा लागला, तेव्हा तिथल्या मुख्य मॅडमनी त्याचे हात नीट पाहिले, ते थरथरत नाहीत याची खात्री करून घेतली आणि त्याला भिंगासमोर बसवलं. कोळी काही वेळ फ्रिजमध्ये ठेवला की गारठून निपचित पडतो. मग त्याला भिंगाखाली उताणा करायचा, सुईच्या टोकावर वितळलेल्या मेणाचा थेंब घ्यायचा आणि तो त्याच्या जबड्यावर अलगद टेकवायचा. ऊब मिळाली की कोळी जागा होई. धावे, दबा धरे, झडपही घाले. फक्त चावू शकत नसे. असे कोळी मग जाळीच्या पिंजऱ्यांत, नाकतोड्यांच्या सोबतीला सोडले जात. केंद्राचा माळी त्याला 'कोळ्यांचा दंतवैद्य' म्हणे आणि वर आर्जवानं सांगे की, डॉक्टर, सवड मिळेल तेव्हा एक थेंब आमच्या सासूबाईंसाठीही राखून ठेवा.

धाकटा नुसता हसे. त्याला हे काम मनापासून आवडत होतं, आणि का आवडतं हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या जिवाला पाहून अंगावर काटा यावा, तो जीव आपल्या दोन बोटांत यावा आणि एका थेंबानं निरुपद्रवी व्हावा, यात त्याच्या मनातल्या कुठल्याशा फार जुन्या जागेवर फुंकर घातली जाई.

म्हणूनच काकांचा फोन आला तेव्हा तो चुकला.

बाबांना झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती. इतकी वर्षं ते काकांकडेच राहत होते. पण आता काकूंचे गुडघे धरले होते, त्यांच्यानं उचलठेव होत नव्हती. दुसरीकडे कुठे सोय होईपर्यंत थोडे दिवस तुमच्याकडे ठेवून घ्या, असं काका म्हणाले. तुमचं काय असेल ते असेल, पण आता तो काय करणार आहे? नाकावरची माशी हाकलता येत नाही त्याला.

ताई पडदे शिवत होती. आई गेल्यावर, स्वतःच पुरती मोठी झालेली नसताना, धाकट्याचा हात धरून ती घराबाहेर पडली होती. आणि तेव्हापासून या दोन खोल्या आणि हे शिलाईयंत्र, एवढ्यावर तिनं दोघांचा संसार उभा केला होता. धाकट्यानं काकांचं बोलणं सांगितलं तेव्हा तिनं पाय थांबवला नाही.

"तू म्हणशील तसं," ती म्हणाली.

मग धाकट्यानं तिला समजावलं. एरवी चार वाक्यं सलग न बोलणारा तो मुलगा त्या संध्याकाळी बराच वेळ बोलला. भीती आपल्या मनात असते, तिला आता बाहेर आधार उरलेला नाही, असं काहीसं त्याचं म्हणणं होतं. कोळ्यांचं उदाहरणही त्यानं दिलं. बाबांचंही तोंड आता बंद झालंय, ताई. ताईनं दातांनी दोरा तोडला आणि मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसती थकलेली, हे त्यानं विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

बाबा आले ते खुर्चीत बसून, दोन माणसांच्या हातांवर. केवढेसे झाले होते. धाकट्याच्या आठवणीत दाराची चौकट भरून टाकणारा तो माणूस उशीवर टेकवला तर अर्धी उशीच रिकामी उरली. एका डोळ्यातून पाणी गळत होतं. धाकट्याला वाटलं, झालं, इतकंच तर होतं. तेवढ्यात काकांनी, त्यांना मोकळं वाटावं म्हणून, त्यांच्या मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि टेबलावर ठेवलं.

टेबलाच्या काचेवर धातूचा बारीकसा आवाज झाला. ताई भिंतीला टेकली. धाकटा एक पाऊल मागे सरला. बाबा कधी ओरडत नसत; मारण्याआधी ते घड्याळ काढून टेबलावर ठेवत, त्याची काच फुटू नये म्हणून. पुढचं सगळं त्या आवाजानंतर यायचं. काका बिचारे रजईची घडी मोडत, इथे वारा चांगला आहे हो, असं म्हणत होते.

त्यानंतर घरात काहीही घडलं नाही. हे धाकटा स्वतःला रोज बजावत असे. बाबा पडून असत, छताकडे पाहत. भरवलं तर खात, नाही भरवलं तर मागत नसत. आणि तरीही घर बदलत गेलं. ताईनं यंत्र खिडकीपाशी असायचं ते ओढून कोपऱ्यात नेलं. तिथे उजेड नव्हता, पण पाठीशी भिंत होती. मग तिनं यंत्र चालवणंच कमी केलं. त्याच्या खडखडाटात दुसऱ्या खोलीतलं ऐकू येत नाही, असं कारण तिनं एकदा सांगितलं. ती फरशीच्या कडेकडेनं चालू लागली, भांडी कापडावर ठेवू लागली. शिवताना गुणगुणायची, ते बंद झालं. जेवण उभ्यानं, दोन घासांत. झंपर खांद्यांवरून उतरू लागला तेव्हा तिनं तो मुकाट्यानं आत शिवून घेतला.

धाकट्याचं तरी काय वेगळं होतं? तो केंद्रातून लांबच्या रस्त्यानं घरी येई. कुलपात किल्ली आवाज न करता कशी फिरवावी, हे त्याच्या बोटांना आपसूक आठवलं होतं. आणि बाबांना भरवताना, कोळ्याच्या जबड्यावर कधी न चळणारा त्याचा हात असा कापे की पेज हनुवटीवर सांडे. बाबा त्याच्याकडे पाहत. त्या पाहण्यात राग होता की नाही, ते त्याला कळत नसे. कारण तो स्वतः वर पाहतच नव्हता.

एका दुपारी मॅडमनी त्याला पिंजरे उघडायला बोलावलं. काही पिंजऱ्यांत कोळी नव्हतेच. तिथे नाकतोडे शेंड्यांवर उन्हात बसून कोवळं गवत चरत होते. मेण लावलेल्या कोळ्यांच्या पिंजऱ्यांत गवताचे शेंडे जसेच्या तसे होते, हिरवेगार, कुणी तोंड न लावलेले. नाकतोडे खाली, राठ देठांच्या गचपणात दडून होते. जे उरले होते ते. बाकीचे मातीवर पडले होते, कोरडे आणि हलके, आणि एकाच्याही अंगावर चाव्याची खूण नव्हती.

धाकट्याला वाटलं आपलंच काम कच्चं राहिलं. त्यानं एक कोळी पकडून भिंगाखाली धरला. मेण जागच्या जागी होतं.

"काम चोख आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या. "हेच तर पाहायचं होतं. तुम्ही मेण कोळ्याला लावता. नाकतोड्यांना ते कोण सांगणार?"

त्या पुढेही काही सांगत होत्या: खाण्याचा वेळ लपण्यात जातो, अंगातली ताकद पळण्याच्या तयारीतच सरते. धाकट्यानं ते ऐकलं नाही. त्यानं कोळी परत ठेवला, हात धुतले, घरी जायचंय म्हणून सांगितलं आणि त्या दिवशी तो जवळच्या रस्त्यानं गेला.

ताई यंत्रापाशी नव्हती. स्वयंपाकघरात, फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, जिथे केरसुणी ठेवायची तिथे ती बसली होती. गुडघे पोटाशी घेतलेले, मांडीवर ताट, ताटातला भात गार.

"इथून दार दिसतं," ती म्हणाली, जणू त्यानं जागेबद्दल काही विचारलंच होतं.

तो तिच्यासमोर फरशीवर बसला. चुकलं माझं, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण तिच्या गळ्याची हाडं पाहून ते शब्द फार किरकोळ वाटले.

दुसऱ्या दिवशी काका नेहमीप्रमाणे भेटायला आले. धाकट्यानं त्यांना बाहेर नेलं नाही. बाबांच्या पाठीमागे बोलणं म्हणजे पुन्हा लपणंच, असं त्यानं रात्रभर स्वतःला पढवलं होतं. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून, नजर रजईवर ठेवून त्यानं सांगितलं की बाबांना इथून न्यावं लागेल.

काका आधी हसले, मग चिडले. ज्या माणसाला भरवल्याशिवाय घास मिळत नाही त्याला घराबाहेर काढता, लोक शेण घालतील तोंडात, असं बरंच बोलले. लहानपणी दोन फटके कुणाला बसले नाहीत, हेही निघालं.

"अरे, त्यानं केलंय काय इथे येऊन?"

"काही नाही," धाकटा म्हणाला. "त्यांना काही करावं लागत नाही, काका. ते असले की पुरे होतं."

तेवढ्यात रजईखालून बाबांचा डावा हात वर आला.

तो कशासाठी आला होता, हे पुढे कधीच कळलं नाही. पाणी हवं असेल, गळणारा डोळा पुसायचा असेल, किंवा काही सांगायचंही असेल. धाकट्यानं पाहिलं ते एवढंच की आपण खाली वाकलो आहोत, कोपर डोक्यावर आहे, डोळे मिटलेले आहेत. उघडले तेव्हा दारात ताई तशीच वाकलेली दिसली, तसंच कोपर, तोच कोन. दोन मोठी माणसं, आणि मध्ये अंथरुणावर एक लुळा म्हातारा.

काकांनी एकदा ताईकडे पाहिलं, एकदा धाकट्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा ताव निवून गेला. बाबांचा हात काही क्षण हवेत राहिला आणि मग अगदी सावकाश, आवाज होऊ नये असा, रजईवर उतरला. धाकट्यानं पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

"उद्या गाडी आणतो," काका म्हणाले. "माझ्या घराजवळ एक शुश्रूषागृह आहे. तिथे बघतो." उठताना त्यांनी ताईच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, आणि अर्ध्यावरूनच मागे घेतला.

गाडी दुपारी आली. धाकट्यानं खुर्चीची एक बाजू स्वतः धरली, दोन्ही जिने उतरवले, बाबांच्या पायांवर रजई खोचली. त्याला त्या माणसाची दया आली, खरीखुरी दया, आणि तिच्यामुळे भीती तसूभरही कमी झाली नाही. दोन्ही एकमेकींची ओळख नसल्यासारख्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. गाडी वळली तसा तो वर आला.

ताई मधल्या दारात उभी होती.

"गेले?"

"गेले."

"आवाज नाही आला रे पायांचा."

"उचलून नेलं ना, ताई. तुझ्यादेखतच नेलं."

तिला ते ठाऊक होतं. तरी ती हलली नाही. तेव्हा त्यानं तिचा हात धरला आणि तिला खिडकीशी नेलं. खाली रस्त्यावर ऊन पडलं होतं, एक बाई मुलाला ओढत नेत होती, गाडी उभी होती ती जागा रिकामी होती. ताईनं ती जागा पाहिली, मग रस्त्याचं एक टोक पाहिलं, मग दुसरं. बघ, कुणी नाही, असं म्हणायला धाकटा वळला. आणि त्याच्या लक्षात आलं की तोही केव्हापासून तेच करतोय.