लाल खूण नसलेलं ड्रॉइंग

कागदगिरणीत क्लोव्हिस डेगलचा जो दबदबा होता तो त्याच्या ड्रॉइंगांमुळे. वीज कुठून निघते, कोणत्या तारेने कुठल्या कपाटात शिरते, हे तो इतक्या सुबक हाताने काढून ठेवायचा की नवख्या माणसानेही त्या रेघेवर बोट ठेवून गिरणीभर फिरून यावं. गिरणीत एक रीत होती. ड्रॉइंगात एक आणि कपाटात भलतंच दिसलं, तर ज्याला दिसलं त्याने तिथल्या तिथे लाल पेन्सिलीने दुरुस्ती करायची आणि खाली सही-तारीख टाकायची. इतरांची ड्रॉइंगं गोवर आल्यासारखी लाल झाली होती. क्लोव्हिसच्या कागदांवर मात्र अडतीस वर्षांत एक लाल ठिपका पडला नव्हता, आणि ही गोष्ट तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचाच. माणूस चांगला होता, पण या बाबतीत त्याला आवरणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

त्या शुक्रवारी त्याचा नोकरीचा शेवटचा दिवस होता. सकाळी दहाला कॅन्टीनमध्ये सगळे जमले. फोरमन जील वुलेटच्या बायकोने घरून प्लॉय पाठवले होते, कुट्टूच्या पिठाचे, जाळीदार, घावनासारखे. त्यावर लोणी आणि मेपलचा पाक घालून माणसं उभ्या उभ्याच खात होती.

"ऐका रे," जीलने कपावर चमचा वाजवला. "मोनोंक आज चालले." गिरणीत सगळे क्लोव्हिसला मोनोंक म्हणत, म्हणजे काका. जील त्याच्याच वयाचा, तरी तोही म्हणे. "भेट काय द्यावी, यावर आठ दिवस डोकं खाजवलं. मासे पकडायचा गळ द्यावा तर याच्या गळाला आजवर बूट सोडून काही लागलेलं नाही."

मग त्याने टेबलाखालून एक काचेची फ्रेम काढली. आत क्लोव्हिसचंच ड्रॉइंग होतं, तीन नंबरच्या यंत्राच्या कंट्रोल कपाटाचं, एकोणीस वर्षांपूर्वीचं मूळ पान. खाली पितळी पट्टीवर कोरलं होतं, 'एकही लाल खूण नाही.'

क्लोव्हिसचे डोळे भरून आले. त्याने ते लपवलेही नाहीत.

"आणि हे केलं कधी, माहितीय का?" जीलला आता जोर चढला. "त्या वर्षी मूस हरणाच्या शिकारीच्या सोडतीत याचं नाव निघालं. वीस वर्षं अर्ज करत होता बिचारा! परवाना एका आठवड्याचा, आणि इकडे कपाटाचं काम अर्धवट. शेवटच्या दिवशी हा असा पळाला की पक्कड कपाटातच राहिली. आणि मूस मिळाला का?"

"मिळाली सर्दी!" सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिलं. गोष्ट सगळ्यांना पाठ होती.

क्लोव्हिसही हसला. हसता हसता त्याची नजर फ्रेमवर गेली. कागदावर मधोमध कंट्रोलर होता, आख्खं यंत्र हाकणारा. त्याला वीज पुरवणारे दोन मॉड्यूल शेजारी शेजारी, अ आणि ब. एक बंद पडला तरी दुसरा भार ओढतो आणि यंत्राला पत्ताही लागत नाही, म्हणून तर ते दोन असतात. अ ची तार वरच्या पॅनेलमधल्या चौदा नंबरच्या ब्रेकरकडे गेली होती, ब ची तळघरातल्या पॅनेलमधल्या नऊ नंबरकडे.

पक्कड कपाटात राहिली होती खरी. पण ती कशासाठी काढली होती? तळघरातला नऊ नंबर त्या दिवशी सारखा पडत होता, म्हणजे आपोआप बंद होत होता. का पडतो ते शोधायला वेळ नव्हता. बाहेर गाडी सामान भरून उभी होती. म्हणून त्याने नऊ बंद ठेवला आणि ब ची तारही तात्पुरती चौदावरच जोडली. आठवड्याने आलो की नीट करू, असं ठरवून. ड्रॉइंग मात्र आधीच काढून झालं होतं. आठवड्याने तो ताप घेऊन परतला, अंथरुणात पंधरा दिवस गेले, आणि ती तार डोक्यातून साफ निघून गेली. एकोणीस वर्षं तो मूसची गोष्ट सांगत आला, त्यातला हा भाग सोडून.

"रनेल कुठंय?" त्याने विचारलं. ती कपाटं हल्ली तीच सांभाळत होती.

"मॉड्यूल अ बदलायला गेलीय. पंखा घरघरतोय म्हणे," जील म्हणाला. "साडेदहाला चौदा नंबर पाडणार. यंत्र चालूच ठेवून. ब आहेच की."

क्लोव्हिसने बशी ठेवली. दहा वाजून चोवीस मिनिटं झाली होती. चौदा पडला की दोन्ही मॉड्यूल मरणार आणि कंट्रोलर आंधळा होणार. वीस फूट रुंदीचा ओला कागद धावता धावता कोसळणार, आणि तो कागद ओढणाऱ्या रुळांपाशी आत्ता चार माणसं उभी होती. कपाटांच्या खोलीत वॉकी-टॉकी न्यायला बंदी होती, त्यामुळे तिला इथून कळवायचीही सोय नव्हती. "आलोच," म्हणत तो निघाला. फ्रेम काखेतच राहिली. उजव्या गुडघ्याने केव्हाच राम म्हटला होता, तरी त्या दिवशी तो पळाला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला रडू आवरेना.

खोलीत रनेल सीर उलट्या बादलीवर बसून कॉफी पीत होती. पंचेचाळिशीची बाई, लाकडाच्या गिरणीतून दोन वर्षांपूर्वी इथे आलेली, क्लोव्हिसच्या हाताखाली तयार झालेली. चौदा नंबर चालूच होता. दोन्ही मॉड्यूलचे दिवे हिरवे.

"पाडू नकोस!" क्लोव्हिस धापा टाकत म्हणाला.

"नाही पाडत. बसा आधी. आजच्याच दिवशी मरायचा बेत आहे का मोनोंक?"

"ब ची तार..."

"माहितीय," ती हळूच म्हणाली. "मंगळवारीच कळलं. तुम्हीच शिकवलंत ना, एक पाडण्याआधी दुसरा स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायचा. तळघरात गेले. नऊ नंबर बंद, वर बोटभर धूळ. आणि इथे ब चा दिवा हिरवागार. मग तार धरून शोधत आले."

"मंगळवारी? मग आज इथे काय करतेयस?"

"काय सांगणार होते त्यांना? आज नको बदलायला म्हटलं तर जील विचारणार, का. म्हटलं, इथे बसून कॉफी प्यावी आणि परत जाऊन सांगावं, नवा मॉड्यूल खराब निघाला."

क्लोव्हिस भिंतीला टेकला. कपाटाच्या दाराला आतून ड्रॉइंगाची रोजच्या वापरातली प्रत लावलेली होती, कोरी करकरीत.

"लाल पेन्सिल नव्हती तुझ्याकडे?"

"होती. काढलीसुद्धा. परत खिशात ठेवली." रनेलने कप खाली ठेवला. "रविवारी यंत्र बंदच आहे. मी येते, नऊ का पडतो ते बघते, तार जागेवर नेते. तासाभराचं काम. मग तुमच्या ड्रॉइंगात आहे तसंच कपाटात असेल. लाल खुणेची गरजच नाही. कुणाला कळणार?"

खरं सांगायचं तर क्लोव्हिसला मोह झाला. चांगला घसघशीत मोह झाला. एवढं स्वस्तात सुटणं आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हतं. काखेत ती फ्रेम, त्यावर ती पितळी पट्टी, आणि ही बाई तोंड बंद ठेवायला आपणहून तयार.

"शनिवारी पाळीला कोण आहे?" शेवटी त्याने विचारलं.

"रेओ."

"तो तुझ्यासारखा तळघरात जाऊन बघेल?"

एकदा क्लोव्हिसचं ड्रॉइंग बघितलं की रेओ पुढे काही बघत नसे. कुणीच बघत नसे. अडतीस वर्षं त्यानेच त्यांना तशी सवय लावली होती.

"आण ती पेन्सिल."

दारावरच्या प्रतीवर त्याने ब ची रेघ लाल रंगात चौदाकडे वळवली. खाली लिहिलं, 'दोन्ही एकाच ब्रेकरवर. पाडू नये.' सही केली. तारीख टाकली. मग पाळीवरच्या सगळ्यांना काय झालं ते सांगून तो एकटाच तळघरात उतरला.

गिरणीत ज्याचं त्याचं स्वतःचं कुलूप असे, नाव कोरलेलं. ज्या तारेवर काम करायचं, तिचा ब्रेकर पाडून त्यावर ते घालायचं, आणि ज्याने घातलं त्यानेच काढायचं. दुसऱ्या कुणी हात लावला तर नोकरी गेलीच म्हणून समजा. निवृत्त होणाऱ्याला शेवटच्या दिवशी तीन वाजता फळ्यावरून त्याचं कुलूप काढून हातात देत.

तीन वाजता जीलने फळ्याकडे हात नेला, तर क्लोव्हिसचा खिळा रिकामा.

"कुलूप कुठंय लेका?"

"तळघरात. नऊ नंबरवर."

"काढ मग. उद्यापासून तू गिरणीचा कुणी नाहीस."

"रविवारी काढीन. तार नीट केल्यावर."

"रविवारी तुला फाटकातून आत कोण घेणार?"

"नका घेऊ," क्लोव्हिस म्हणाला. "कापा कुलूप. मालकाशिवाय कापायला तीन सह्या लागतात, आणि त्यातली एक तुझी."

जीलने मान हलवली. एव्हाना बातमी गिरणीभर झाली होती, पण त्याच्यासमोर कुणी चकार शब्द काढत नव्हतं. "बरं. रविवारी आठला ये," जील म्हणाला. "डबा घेऊन ये, गिरणी जेवायला घालणार नाही."

मग क्लोव्हिसने फ्रेम टेबलावर पालथी घातली, मागचे खिळे पकडीने उचकटले आणि मूळ पान बाहेर काढलं. लाल पेन्सिल त्याने रनेलपुढे धरली.

"नाही हं मोनोंक," ती मागे सरली. "दारावरची केलीत ना तुम्ही? बस झालं."

"ती घाईत केली. रीत काय आहे? ज्याला दिसलं त्याने करायची. दिसलं तुला."

तिने पेन्सिल घेतली. मग वाकली, ब ची रेघ सावकाश वळवली आणि खाली बारीक अक्षरात सही केली. क्लोव्हिसने चष्मा वर करून पान डोळ्यांजवळ नेलं आणि नेहमीसारखं कानाकोपऱ्यातून तपासलं.

"तारीख राहिली," तो म्हणाला आणि पान परत तिच्यापुढे ठेवलं.