छत्तीसच्या रोलवर एकेचाळीस

ज्या एका फोटोवर माझं सगळं नाव उभं आहे, तो माझ्या वेंधळेपणाचा फोटो आहे. ही गोष्ट मी चाळीस वर्षं पोटात ठेवली होती. कालपर्यंत ती तिथे अगदी सुखात होती.

काल माझ्या फोटोंच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. मांडणी सगळी भाचीची. दारासमोरच्याच भिंतीवर तिने तो फोटो माणसाच्या दुप्पट उंचीचा करून लावला होता. हुकूमशहा पळाला त्या दिवशीचा. भर चौकात एक बाई मान मागे टाकून हसतेय, वरचे दोन दात गायब, आणि तिच्या शेजारी एक सैनिक टोपीत तोंड खुपसून उभा. खाली पाटी: ‘स्वातंत्र्य पाहिलेली स्त्री’. जाणकारांनी लिहून ठेवलंय की तिचे दात कोठडीत पाडले आणि सैनिक पश्चात्तापाने रडतोय. मी प्रत्येक वेळी गंभीर चेहरा करून मान हलवली. ‘योग्य क्षणाची वाट पाहणे’ या विषयावर कॉलेजांमधून भाषणंही ठोकली. हारतुरे घेतले. लाज वाटायची, पण हार बरे असायचे.

उद्घाटनाला अर्धा तास उरला असताना भाची नाचत आली.

“मावशी, गंमत सांगू? त्या बाई सापडल्या!”

“कुठल्या बाई?”

“अगं, हसणाऱ्या! मी पेपरात निवेदन दिलं होतं. निघाल्यात घरून. उद्घाटन त्यांच्याच हातून करायचं, आणि त्या दोन शब्द बोलणार आहेत.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मला बुडवायला दोन शब्दही जास्तच होते. कारण ती बाई स्वातंत्र्याला हसत नव्हती. ती मला हसत होती.

झालं होतं असं. त्या दिवशी पहाटेपासून मी पेपरसाठी फोटो काढायला चौकात होते. फाटक उघडलं, मी बटण दाबलं. सैनिकाने एका विद्यार्थ्याच्या हातात बंदूक दिली, मी बटण दाबलं. झेंडा खाली आला, तेव्हा तर मी दिव्याच्या खांबावर चढून बटण दाबलं. असं आयुष्यात एकदाच मिळतं, या आनंदात माझे पाय जमिनीवर नव्हते. खाली उतरून सहज कॅमेऱ्यावरचा आकडा पाहिला. एकेचाळीस.

रोल छत्तीसचा होता.

रोल भरताना त्याचं टोक पलीकडच्या चकतीत नीट अडकवायचं असतं, आणि मग डावीकडची खुंटी फिरते का ते बघायचं असतं. फिरली तर फिल्म सरकतेय. हे शिकाऊ पोरही जाणतं. मी घाईत बघितलंच नव्हतं. फिल्म जागची हललीच नव्हती. फाटक, बंदूक, झेंडा, काही म्हणजे काही आलं नव्हतं. मी तिथेच रस्त्यावर फतकल मारली आणि कॅमेऱ्यावर बुक्क्या मारत किंचाळले, “मेल्या, तू आणि तो राष्ट्राध्यक्ष एकाच कारखान्यातले! वर नुसता आकडा चढतोय, आत काडीचं काही सरकत नाही!”

सगळा चौक फुटला. लोक पोट धरून हसायला लागले. मी रडत, शिव्या देत नवा रोल घातला, या वेळी खुंटीवर डोळे रोखून, आणि कॅमेरा चालतो का हे बघायला समोर जे होतं त्यावर बटण दाबलं. समोर ती बाई होती. दुसऱ्या दिवशी बाकी सगळ्या पेपरांत तोच झेंडा होता आणि आमच्या पेपरात ती.

तर आता ती येत होती. मागच्या दाराने सटकावं असं मनात आलं, पण तिथे खुर्च्या रचल्या होत्या.

आली. ठेंगणी, काठी टेकत. मला बघून तिने तोंडावर हात दाबला आणि खांदे गदगदायला लागले. “आकडा... चढतोय!” एवढंच तिला कसंबसं म्हणता आलं.

मी तिला कोपऱ्यात ओढलं. “बाई, हात जोडते. तुम्ही मला हसत होता हे इथे सांगू नका.”

“तुम्हाला कशाला हसेन?” ती एकदम थांबली. “अहो, मी टेलिफोन ऑपरेटर होते. अकरा वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली. लाइनवर तिसरं कुणीतरी ऐकतं हे सगळ्यांना ठाऊक. अकरा वर्षांत त्या तारांवर कुणी हसलेलं मी ऐकलं नाही. आणि तुम्ही भर चौकात राष्ट्राध्यक्षाला कॅमेऱ्याच्या जोडीला बसवलंत! बंदूकवाला दोन हातांवर. मी डोळे मिटले. म्हटलं, आता हिला उचलणार. आणि तो टोपीत तोंड घालून फिसकन हसला. तेव्हा कळलं मला, संपलं. झेंड्याने नव्हतं कळलं. झेंडे काय, उद्या परत चढतात.”

चाळीस वर्षं मी उगाच लपत होते.

“आणि दात?” मी विचारलं.

“मी न्हाणीघरात घसरले होते.”

मग मीच माइक घेतला. एकेचाळीस आकड्यापासून न्हाणीघरापर्यंत सगळं सांगून टाकलं. सभागृह खिदळत होतं, भाची पाटीकडे बघून कपाळ बडवत होती. बाईंनी फोटोखाली उभं राहून पुढची कवळी काढून पदरात टाकली आणि मान मागे टाकली.

मी पिशवीतून तोच जुना कॅमेरा काढला. आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी डावीकडची खुंटी फिरते का ते बघितलं.