हिरोचा कान

मिस्त्री चिडले की आधी डाव्या कानामागे खाजवायचे. हात कानाकडे गेला की करमणूक उद्यानातली माणसं दोन पावलं मागे सरायची, मालकसुद्धा. भुयारातल्या गाडीसाठी मिस्त्रींनी राक्षसाचा हलता पुतळा घडवला, तेव्हा आपली ही खोडही त्याला दिली. राक्षस गदा उचलायचा, थांबायचा, कान खाजवायचा आणि मगच डरकाळी फोडायचा. किंचाळायला आलेली पोरं खो-खो हसत बाहेर पडायची.

मिस्त्री गेले आणि महिन्याभरात ते भुयार एका गाजलेल्या सिनेमाच्या नावावर गेलं. मालकांनी काटकसर केली: सांगाडा राक्षसाचाच, वरचं कातडं तेवढं हिरोचं. काम आलं मिस्त्रींच्या लेकीकडे. पुतळ्याचे हात हलवणारी लोखंडी चकती तिच्या बाबांनी कानशीने घासून घडवली होती. चकतीच्या कडेचा एक उंचवटा म्हणजे कानाची खाज. तेवढा घासून सपाट करायचा होता.

चाचणीला सिनेमा कंपनीच्या मॅडम आल्या. हिरोने तलवार उचलली, थांबला आणि दुसरा हात कानामागे नेला.

"हे काय?"

"खाजवतोय," लेक म्हणाली.

"आमचा हिरो खाजवत नाही."

"इतक्या सिनेमांत एकदाही नाही? मग बिचाऱ्याला किती सुटली असेल!"

मागे वेल्डरला एकदम खोकला आला. मालकांनी तिला बाजूला घेतलं.

"पोरी, मिस्त्री गेल्याचं मलाही वाईट वाटतं. पण हा आता राक्षस राहिला नाही."

"सिनेमावाल्यांनी दिला तो चेहरा लावला, रंग त्यांनी सांगितले तेच दिले. बाबांनी रंगवलेल्या भिंती मी माझ्या हातांनी खरवडल्या. हे मात्र नाही."

"घासून टाक म्हणतो ना!"

"नाही घासणार."

"दुसरा माणूस आणेन."

"त्याला कशाला त्रास?" तिने खिशातली कानस काढून मालकांच्या हातात ठेवली. "बाबांचीच आहे. तुम्हीच घासा."

आणि तिने पुन्हा बटण दाबलं. तलवार वर गेली. हिरो थांबला. हात सावकाश कानाकडे निघाला, आणि मालक हातातल्या कानशीसकट दोन पावलं मागे सरले.

मॅडम बघतच राहिल्या. त्यांना कोणी काही सांगितलं नाही.

लेकीने हत्यारांची पेटी उचलली. पुढचा पुतळा हिरोच्या मित्राचा होता. त्यालाही कान होते.